इसाकची हाक

तोरवे बंदराच्या धक्क्यावरून पलीकडे आंबेशीला जाणारी लाँच भरली तरी लगेच सुटत नाही. नवखे पाहुणे घड्याळाकडे बघतात, उन्हाने कावतात, तांडेलावर डाफरतात. तांडेल मनावर घेत नाही. तो दोर हातात धरून उभा राहतो आणि बसलेल्यांची नावं एकेक करून पुकारतो. नाव ठाऊक नसेल तर आधी विचारून घेतो, मग हाक मारतो, आणि ज्याचं त्याने 'आलो' म्हणायचं. नवऱ्याने बायकोच्या वतीने म्हटलेलं चालत नाही, भावाने भावाच्या वतीने चालत नाही. अंगावरच्या लेकरासाठी आईने बोलावं, एवढीच काय ती सूट. सगळी नावं झाली की तांडेल खाडीच्या मुखाकडे, उघड्या समुद्राकडे तोंड करतो आणि छातीत असेल तेवढ्या जोराने ओरडतो, "इसाक!"

ओ कुणीच देत नाही. लाँच थांबून राहते. बसलेले गावकरी बोलायचे थांबतात. मग जरा वेळाने दोर सुटतो.

'सगळे आले का?' हा साधा प्रश्न तोरव्यात कुणी कुणाला विचारत नाही. लग्नाचं वऱ्हाड निघालं तरी नाही, जेवणाची पंगत बसली तरी नाही. चुकून एखाद्या पाहुण्याने विचारलं तर म्हातारी माणसं खाली बघतात. ही लाज जुनी आहे. शंभर वर्षं उलटून गेली. ती कुणाची आणि गावाने ती आपली का मानली, त्याची हकीकत अशी सांगतात.

जर्मनांची पहिली मोठी लढाई चालू होती तेव्हा तोरव्यातला दर घरटी एक माणूस आगबोटीवर होता. पाऊसकाळ सरला की गावचे खलाशी मचव्यात बसून मुंबईला जात आणि तिथून साहेबाच्या मालाच्या बोटी धरून साऱ्या दुनियेत पांगत. त्यांच्यात आदम सारंगाचं नाव मोठं. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. कप्तानाचा हुकूम खलाशांपर्यंत आणि खलाशांचं गाऱ्हाणं कप्तानापर्यंत त्याच्याच तोंडून जायचं. आदमने अठरा वर्षं सारंगाचं काम केलं. रंगाने काळासावळा, दाढी बारीक कातरलेली, बोलणं मोजकं. त्याच्या हाताखालचा माणूस कधी तुरुंगात गेला नाही, कधी परमुलखात हरवला नाही. आया आपली पोरं त्याच्या हवाली करताना म्हणत, "सारंग, तुमच्या पदरात घातलाय." तो म्हणे, "माझ्या पदरातलं खाली पडत नाही."

त्या वर्षी त्याच्याबरोबर तोरव्यातला एकच खलाशी होता, इसाक. तिशीचा गडी, आदमच्या घराला लागून घर. हसरा, कामाला वाघ, आणि सारंगाचा शब्द म्हणजे त्याला दुसरं काही नको. लग्नाला सहा वर्षं झालेली. बायको हलीमा. मूलबाळ नव्हतं. हलीमा लोकांच्या वाड्यांमधले नारळ सोलायच्या कामाला जाई आणि नवऱ्याची वाट बघे. बोटीवरचे बाकीचे खलाशी वरच्या गावांचे होते, आणि भट्टीत कोळसा घालणारे आगवाले तर पार उत्तरेकडचे.

आगबोटीचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तोरव्याच्या जिभेवर ते कधी बसलं नाही, म्हणून गोष्टीत तिला नुसतं 'काळी बोट' म्हणतात. कलकत्त्याहून ताग आणि चहा भरून ती एडनकडे निघाली होती. त्याआधी सिंगापुरात आदमने एक पेटी घेतली होती. कापराच्या लाकडाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव. त्याच्या मुलीचा, रहमतचा, निकाह ठरला होता. पेटीत तिच्यासाठी चिनी रेशमाची ओढणी होती, लेस होती, चिनी मातीच्या पेल्यांचा जोड गवतात गुंडाळून ठेवला होता. आदमसारखा घट्ट माणूस, पण रोज संध्याकाळी पेटी पुसायचा. खलाशी हसायचे. तोही हसायचा.

लंका मागे पडून चार दिवस झाले होते. दुपारची वेळ. समोरून एक बोट आली. दिसायला अगदी मालाचीच, गंजलेली, कुठल्याशा तटस्थ मुलखाचं निशाण लावलेली. काळ्या बोटीच्या कप्तानाने सलाम म्हणून आपलं निशाण खालीवर केलं. तेवढ्यात त्या बोटीच्या कुशीच्या फळ्या धाडकन खाली पडल्या आणि आत तोफा दिसल्या. तिचं निशाण उतरलं, जर्मनांचं चढलं. एक गोळा काळ्या बोटीच्या नाकासमोर पाण्यात पडला, तसा कप्तानाने निमूट इंजिन बंद केलं.

जर्मन शिपाई नावेतून आले. त्यांनी कुणावर हात उगारला नाही, असं सांगतात. त्यांचा तरुण अधिकारी मोडक्या इंग्रजीत म्हणाला, अर्ध्या तासात सगळ्यांनी बोट सोडायची, तुम्ही आमचे कैदी, तुमच्या जिवाला धोका नाही. त्याचे लोक सुरुंग घेऊन तळाशी उतरले. कप्तानाने आदमला बोलावून सांगितलं, "अंगावरच्या कपड्यांनिशी चला. सामान कुणीही घ्यायचं नाही."

आदमने तो हुकूम स्वतःच्या तोंडाने खलाशांना सांगितला. कुणी कुराण मागे ठेवलं, कुणी सहा महिन्यांचा पगार. एकजण बायकोला घेतलेल्या बांगड्या घेऊ का म्हणत होता, त्याला आदमने खेकसून गप्प केलं.

दोन होड्या होत्या. एकीत साहेबलोक आणि आगवाले बसले आणि ती आधी निघून गेली. दुसरी खलाशांची. आदम होडीच्या दोरांपाशी उभा राहून एकेकाला उतरवत होता. शेवटी तो आणि इसाक उरले. आदमच्या डोळ्यांपुढे ती पेटी आली. अर्ध्या तासातला बराच वेळ शिल्लक होता, असं त्याला वाटलं. तो इसाकच्या कानाशी लागला.

"पुढल्या खोलीत माझी पेटी आहे. घेऊन ये. धावत जा."

इसाक घुटमळला. "सारंग, कप्तान नको म्हणालाय ना?"

"कप्तानाचं मी बघतो. रहमतची पेटी आहे ती. तू जा."

"होडी?"

"तू आल्याशिवाय होडी हलत नाही. माझा शब्द आहे."

इसाक हसला आणि पळत गेला.

तो आत दिसेनासा झाला आणि जर्मन बोटीवरून भोंगा वाजला. क्षितिजावर कुठेतरी धूर दिसला होता म्हणे. इंग्रजांची लढाऊ बोट असेल या धास्तीने त्यांची एकच धांदल उडाली. सुरुंगवाले शिडीवरून धडाधड वर आले. तरुण अधिकाऱ्याने आदमच्या पाठीला हात लावून त्याला होडीत उतरवलं आणि स्वतः आपल्या नावेत उडी मारली. ती नाव खलाशांच्या होडीला घासून उभी होती. अधिकाऱ्याने आदमकडे पाहून विचारलं, "ऑल?"

सगळे आले?

आदमला दोन शब्द बोलायचे होते, 'एक राहिला'. अधिकारी थांबला असता. माणूस वाईट नव्हता तो. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुठे राहिला, कशासाठी राहिला? होडीत अठरा खलाशी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांतल्या प्रत्येकाला त्याने रिकाम्या हाताने उतरवलं होतं. बांगड्यांसाठी अडलेला तो माणूस तर समोरच बसला होता. त्यांच्यासमोर सांगायचं, की माझ्या पेटीसाठी मी माणूस आत धाडला. एवढ्यात येईलच इसाक, दोर धरून सरकन उतरेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

"ऑल, साहेब," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने हात हलवला. वल्ही पाण्यात पडली.

होडी काळ्या बोटीच्या कुशीला लागूनच चालली होती, त्यामुळे वरच्या डेकवरचं काही दिसत नव्हतं. मग ती जर्मन बोटीच्या नाकाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली. मधे ती अजस्र बोट आली आणि काळी बोट नजरेआड झाली. आदम सुकाणूवर होता. त्याने मान मागे वळवली नाही. एक हाक आल्यासारखी त्याला वाटली. वल्ह्यांचा आवाज असेल, म्हणून तो आणखी ताठ बसला. थोड्या वेळाने पाण्याखालून तीन धक्के आले. होडीच्या फळ्या थरथरल्या. ते वर चढून पोचेपर्यंत काळी बोट गेली होती. पाण्यावर ताग पसरला होता, आणि चहाची खोकी.

कैद्यांना जर्मनांनी वेगवेगळं ठेवलं. साहेब वरच्या खोल्यांत, आगवाले मागच्या कोठारात, खलाशी पुढच्या. एका खलाशाने विचारलं, "सारंग, इसाक दिसत नाही तो?" आदम म्हणाला, "पहिल्या होडीत चढला होता. आगवाल्यांबरोबर असेल." त्या माणसाने मान हलवली. सारंगाच्या बोलण्यावर शंका कोण घेणार?

धूर दुसऱ्याच कुठल्या बोटीचा निघाला. ती आली तशी निघून गेली. म्हणजे घाई करण्याची गरजच नव्हती. जर्मन मग निवांत झाले, आणि बोट बुडाल्याची खूण मागे राहू नये म्हणून पाण्यावर तरंगणारं सामान गोळा करू लागले. संध्याकाळी एक दाढीवाला जर्मन खलाशी हसत हसत कोठारात आला. त्याच्या खांद्यावर पेटी होती. झाकणावरचं नाव त्याने बोट ठेवून अडखळत वाचलं, "आदम... सेरांग?" आणि त्याचं भलं केल्याच्या आनंदात ती आदमच्या पुढ्यात ठेवली.

"काय नशीब काढलंस, सारंग!" सगळे म्हणाले. "आमचं सगळं गेलं आणि तुझी पेटी चालत आली!"

आदम पेटीकडे बघत राहिला. पेटीला दोन्ही बाजूंनी दोर गुंडाळला होता, वरून खाली सोडायला गुंडाळतात तसा. दोराने लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून कोपऱ्यात एक लाल रुमाल घडी करून दाबला होता. तो रुमाल इसाक डोक्याला बांधायचा.

म्हणजे इसाक वर पोचला होता. कठड्यापाशी आला होता. पेटी अलगद होडीत सोडायची म्हणून त्याने नीट बांधली होती, आणि खाली वाकून पाहिलं तेव्हा होडी नव्हती.

आदमला त्या रात्री ताप भरला. जर्मनांच्या डॉक्टराने औषध दिलं.

पाच आठवड्यांनी जर्मनांनी खलाशांना एका पकडलेल्या बोटीत घालून सोडून दिलं. साहेबांना आणि आगवाल्यांना आपल्या मुलखात नेलं. हिंडत फिरत आदम तोरव्याला आला तेव्हा सगळा गाव धक्क्यावर जमला होता. बातमी त्याच्याआधी पोचली होती, की शत्रूच्या दाढेतून सारंगाने आपली माणसं परत आणली. ढोल वाजत होता. मचव्यातून पेटी उतरली. मागोमाग आदम. त्याच्यामागे कुणी नाही हे बघून हलीमा गर्दीतून पुढे आली.

"चाचा, ते कुठेत?"

मचव्यात बसल्यापासून आदम एकच वाक्य घोकत होता: तो गेला, हलीमा. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण मग ती विचारणार, कसा गेला. आणि त्याच्या शेजारी ती पेटी होती.

"आगवाल्यांच्या होडीत होता तो," आदम म्हणाला. "त्या होडीच्या लोकांना जर्मन मुलखात नेलंय. जिवंत आहे. लढाई संपली की सोडतील."

हलीमाने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तिथेच खाली बसून रडली. आनंदाने रडली. बायांनी तिला उठवलं. ढोल परत वाजू लागला.

त्या दिवसापासून हलीमा प्रत्येक मचव्याला धक्क्यावर येऊ लागली. नारळ सोलायचं काम टाकून येई, हाताला काथ्याचा भुगा तसाच. मचवा रिकामा झाला की आदमच्या घरावरून परत जाई. "आज नाही आले, चाचा," ती म्हणे, नुसती चुकामूक झाल्यासारखं. आदम म्हणे, "येईल."

पेटी त्याने घरात उघडू दिली नाही. खाऱ्या पाण्याने आतलं सगळं सडलंय, म्हणाला. रहमतचा निकाह शेजारणींनी दिलेल्या कपड्यांत झाला. बायको रागावली, रहमत रडली, आदमने कुणाला काही सांगितलं नाही. समुद्रावरही तो पुन्हा गेला नाही. लोकांना वाटलं, कैदेने माणूस खचला. त्याचा मान मात्र वाढतच गेला. गावाने त्याला धक्क्याचा कारभार दिला. खलाशांचा मचवा मुंबईला निघाला की आदमने माणसं बघायची आणि 'सगळे आले' असं म्हणायचं, मगच शीड चढायचं. दर खेपेला लोक त्याच्याकडे आदराने बघत आणि तो ते दोन शब्द म्हणे. म्हणून झालं की घरी येऊन चूळ भरे. बायकोला त्याचं कारण कळत नसे.

तीन वर्षांनी लढाई संपली. जर्मन मुलखातले कैदी परतू लागले. इसाक आला नाही. कंपनीच्या यादीतही त्याचं नाव सापडेना. आणखी वर्ष गेलं. मग गावात कुजबुज सुरू झाली. इसाकने तिकडेच गोरी बायको केली, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, त्याला एडनला दारू पिताना पाहिलाय. इसाकच्या सख्ख्या भावाने जमातीपुढे विषय काढला. "त्याने बायको टाकली हे उघड आहे. हिचा निकाह मोडून द्या. आमच्या घराण्याला बट्टा लावला त्याने, त्याचं नाव आमच्याकडे घेऊ नका."

मशिदीच्या पायरीशी हलीमा उभी होती. बाई सहसा तिथे बोलत नसे. ती बोलली. "ते मला टाकणारे नाहीत. मी म्हणत नाही, सारंगचाचांनी सांगितलंय. त्यांनी कधी खोटं सांगितलंय का तुम्हाला? विचारा त्यांना."

सगळ्या माना आदमकडे वळल्या. काझीसाहेब म्हणाले, "आदम, तू त्याला त्या होडीत चढताना डोळ्यांनी पाहिलंस, एवढं सांग. म्हणजे आम्ही तिला वाट बघण्यापासून अडवणार नाही."

मेलेल्या माणसाची अब्रू त्याच्या सख्ख्या भावाने चव्हाट्यावर टाकली होती, आणि जिवंत माणसाच्या अब्रूची साक्ष काढली जात होती.

"सकाळी सांगतो," तो म्हणाला. "मचवा सुटायचाय, तेव्हा."

सकाळी धक्का भरलेला होता. बावीस खलाशी निघायचे होते, त्यांच्या आया, बायका, पोरं सगळी जमली होती. आदम चढणीवरून खाली आला तो डोक्यावर पेटी घेऊन. पन्नाशी उलटलेला माणूस, मान कापत होती. कुणीतरी हात द्यायला धावला, त्याला त्याने मानेनेच नको म्हटलं. धक्क्याच्या टोकाला येऊन त्याने पेटी उतरवली. दोर तसाच होता. रुमालही.

"मी सगळे आले म्हणालो," तो बोलला. "सगळे आले नव्हते."

मग त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पेटी, कप्तानाचा हुकूम, कानात सांगितलेलं, दिलेला शब्द. काही झाकलं नाही. सांगताना तो कुणाकडे बघत नव्हता, पायाखालच्या दगडाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "होडी निघाली तेव्हा मागून हाक आली. इतकी वर्षं मी मनाला सांगितलं, की ती भासली. भासली नाही. मी ऐकली. 'सारंग' म्हणून हाक मारली त्याने. मी वळलो नाही."

इसाकचा भाऊ मटकन खाली बसला. काल आपण काय बोललो ते त्याला आठवलं. ज्यांनी ज्यांनी कुजबुज केली होती ते सगळेच एकमेकांची नजर चुकवू लागले. त्या दिवशी उघडा पडला तो एकटा आदमच नव्हे, असं जुनी माणसं सांगतात.

हलीमा पुढे आली. तिने वाकून रुमाल ओढून काढला, उलटासुलटा केला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याला तिने चाचा म्हटलं नाही.

"तू 'ऑल' म्हणालास, त्याच्यानंतर बोट फुटायला किती वेळ गेला?"

आदमने विचार केला. खोटं तर आता सांगायचं नव्हतं. "एक नारळ सोलून होईल एवढा."

"नारळ मी सोलते," हलीमा म्हणाली. "मला ठाऊक आहे तो किती वेळ असतो. ह्यांना ठाऊक नाही. नारळ आणा."

धक्क्याच्या कडेलाच वाडीतले नारळ रचलेले होते, नारळ सोलायची पहार जमिनीत रोवलेली होती. कुणी नारळ आणला. हलीमा पहारेपाशी उभी राहिली.

"हाक मार त्याला," ती आदमला म्हणाली. "तेव्हा मारायची होतीस, ती."

आदमने समुद्राकडे तोंड केलं आणि हाक मारली, "इसाक!" आवाज फाटला. हलीमाने नारळ पहारेवर आपटला आणि पहिली साल उपटली. नेहमीच्या हाताने, ना घाईने ना सावकाश. दुसरी. तिसरी. मचव्यातले बावीसजण उभे होते, मागे सारा गाव उभा होता, आणि काथ्या फाटल्याचा आवाज तेवढा येत होता. तो वेळ एवढा मोठा असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. एवढ्या वेळात माणूस डेकवरून धावत आला असता, दोर धरून उतरला असता, होडीत बसून वर दोन घोट पाणी प्यायला असता. सोललेला नारळ तिने आदमच्या पायापाशी ठेवला. आदम गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला होता.

काही तरुणांनी आवाज उठवला, ह्याला गावाबाहेर काढा. काझीसाहेबांनी हलीमाकडे बघितलं. ती म्हणाली, "बाहेर गेला तर हाक कोण मारील? ह्याने इथेच राहायचं. ह्या धक्क्यावरून जी होडी सुटेल तिच्यातल्या एकेकाला नावाने पुकारायचं. ज्याचं त्याने ओ द्यायचं. आणि शेवटी त्यांना हाक मारायची. मारून थांबायचं, नारळ सोलून होईपर्यंत."

"आणि पेटी?" कुणीतरी विचारलं.

"ती माझी नाही," हलीमा म्हणाली. "ज्याची आहे त्याने बघावं."

ती कुणी उचलली नाही. आदमने नाही, रहमतनेही नाही. पेटी धक्क्यावरच राहिली आणि दोनतीन पावसाळ्यांत फळ्या सुटून संपली.

त्या शुक्रवारी इसाकच्या नावाने जनाज्याची नमाज झाली. भाऊ पहिल्या रांगेत होता. हलीमा विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस, घरात बसली. चार वर्षं तिने धक्क्यावर काढली होती, आता तिला कशाची वाट बघायची नव्हती. पुढे दोन वर्षांनी तिने आंबेशीच्या एका सुताराशी निकाह केला. त्याला दोन पोरं होती, ती तिने वाढवली. खाडी ओलांडून ती तोरव्याला येई-जाई. होडीत बसली की तिचंही नाव पुकारलं जाई. आदम पुकारी. ती 'आले' म्हणे. त्याखेरीज त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. तिने त्याला माफ केलं असं कुणी सांगत नाही, आणि केलं नाही असंही नाही.

आदमने वीस वर्षं हाक मारली. वारा असो, ताप असो, ईदचा दिवस असो. पहिली काही वर्षं लोक त्याच्यापासून अंग चोरून बसत, पोरं त्याला 'पेटीवाला' म्हणून चिडवत. तो ऐकून घेई. हळूहळू लोक स्वतःहून गप्प बसू लागले. इसाकबद्दल आपणही बरंवाईट बोललो होतो, हे घराघरात ज्याचं त्याला ठाऊक होतं. ती हाक मग एकट्या आदमची राहिली नाही.

त्याचे दिवस भरत आले तेव्हा त्याला आवाज फुटेना. रहमतचा नवरा त्याच्या जागी उभा राहू लागला. एक दिवस जमातीची चार माणसं त्याच्या खाटेपाशी आली. वीस वर्षांचं त्याचं वागणं सगळ्यांनी पाहिलं होतं. काझीसाहेबांच्या जागी आता त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, "सारंग, आम्ही ठरवलंय. इसाकच्या हाकेनंतर तुमच्या नावाचीही एक हाक मारायची. गावाने तुमचं नाव विसरू नये."

आदमने डोळे उघडले. बोलायला त्याला बराच वेळ लागला.

"नको," तो म्हणाला. "जे राहिले त्यांना हाक मारतात. मी तर आलो होतो."

कब्रस्तान आंबेशीला आहे. त्याचा जनाजा होडीतूनच गेला. खांदेकऱ्यांची नावं पुकारली गेली, ज्याने त्याने ओ दिली. शेवटी इसाकची हाक झाली. होडी थांबली, मग सुटली. आदमचं नाव कुणी घेतलं नाही.

आता वल्ह्यांच्या होड्या गेल्या, लाँच आली. मचवे बंद होऊन मुंबईला एस.टी. जाते. मोसमाच्या पहिल्या फेरीला तांडेलाची बायको पहारेवर खराच नारळ सोलते, एरवी तांडेल मनातल्या मनात तेवढा वेळ धरतो. आजही तोरव्याच्या धक्क्यावरची शेवटची हाक इसाकची असते. तिच्यापुढे दुसरं नाव नाही.